चाळीस कासवांची आवक

हेडक्लार्कांना पत्त्यांचा तिटकारा होता असं नाही. पत्ते खेळायला समोर आणखी कुणीतरी लागतं आणि तशी वेळ आली नव्हती, इतकंच. त्यामुळे एका रविवारी सकाळी लेक समोर येऊन बसली आणि "बाबा, पुढच्या महिन्यातला तिसरा रविवार मोकळा आहे का तुमचा?" असं तिने विचारलं, तेव्हा ते दचकले. गेल्या दोन-तीन वर्षांत लेकीने त्यांना विचारलेले प्रश्न 'चार्जर कुठे आहे' आणि 'आधी तुम्ही आंघोळीला जाताय की मी जाऊ' या दोनच प्रकारांत मोडत. हेडक्लार्कांचा पुढच्या महिन्यातलाच काय, निवृत्तीपर्यंतचा प्रत्येक रविवार मोकळा होता. तरीही ते आत गेले, डायरी काढली, तिची पानं बाहेर ऐकू येतील अशी उलटली आणि येऊन म्हणाले, की जमवता येईल.

प्रकरण असं होतं. लेक गेली पाच वर्षं एक खेळ खेळत असे. त्यात राजा, राणी, गुलाम नसतात. त्यांच्या जागी ड्रॅगन, लांडगे, घुबडं, राक्षस आणि मंत्र असे शेकडो चित्रांचे पत्ते मिळतात आणि त्यांतले चाळीस निवडून प्रत्येकाने आपापला डेक बांधायचा असतो. पत्त्यांच्या दुकानात जोड्यांची स्पर्धा होती. लेकीची जोडीदार मैत्रीण जिन्यावरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. बाकी सगळ्यांच्या जोड्या ठरलेल्या होत्या. उरले हेडक्लार्क.

स्पर्धेनंतर आठ दिवसांनी लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जायची होती. जाण्याआधी तिने आपल्याला कुठेतरी बोलावलं आहे, तिथे आपल्यामुळे तिला खाली मान घालायची वेळ येता कामा नये, एवढी एकच गोष्ट हेडक्लार्कांनी मनाशी ठरवली. पुढे जे काही झालं ते या एका चांगल्या विचारातून झालं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

लेकीचा डेक लांडग्यांचा होता. लांडगे पहिल्याच फेरीत धावून जातात, चावतात आणि मोकळे होतात. हेडक्लार्कांसमोर तिने जास्तीच्या पत्त्यांचा डबा ठेवला आणि हवे ते निवडा म्हणून सांगितलं. त्यांनी पाचशे पत्ते वाचले. ड्रॅगन त्यांना उद्धट वाटले. पऱ्यांबद्दल त्यांचं काही मत झालं नाही. मग त्यांच्या हाती एक पत्ता आला, त्याच्यावर एक कासव होतं आणि खाली छापलं होतं: 'हे कासव पहिल्या फेरीत काहीही करत नाही.' हेडक्लार्कांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. सव्वीस वर्षं आवक-जावक विभागात काढलेल्या माणसाला आपल्या स्वभावाचं कुणीतरी भेटल्याचा आनंद काय असतो, ते ज्याचं त्यालाच कळतं. डब्यात कासवांचे सदतीस पत्ते निघाले. दुकानातून दोन आणले. चाळिसावा लेकीने आपल्या कपाटातून काढून दिला. त्याचं नाव आद्यकासव. आणखी चार कासवांच्या सोबत ते टेबलावर आलं, की एक पूर्ण फेरी जोडीला कुणीही इजा करू शकत नाही.

"हा मिळायला मला दोन वर्षं लागली," ती म्हणाली. "नीट सांभाळा."

सांभाळण्यासाठी तिने काळी पाकिटंही देऊ केली. तिचा प्रत्येक लांडगा तशा पाकिटात होता, आणि पाकिटाशिवाय त्याला हात लावायची मुभा घरात कुणालाच नव्हती, ती स्वतःही आधी हात धुऊन यायची. हेडक्लार्कांनी पाकिटं परत केली. पाकिटांनी गठ्ठा फुगतो, असं ते म्हणाले. ते डेकला शेवटपर्यंत गठ्ठाच म्हणत राहिले.

सराव बायकोबरोबर सुरू झाला. बायकोने लेकीचे उरलेसुरले ड्रॅगन घेतले आणि नियम अर्धेच ऐकून पहिले सहा डाव जिंकले. "अहो, हे कासव करतं काय नेमकं?" तिने सातव्या डावात विचारलं. हेडक्लार्क म्हणाले, की सध्या काही नाही. आठव्या डावात मात्र पाच कासवं एकत्र आली आणि बायकोचे ड्रॅगन त्यांच्या पाठीवर अर्धा तास डोकं आपटत राहिले, तेव्हा ती उठून कुकर लावायला गेली. हेडक्लार्कांनी हा आपला विजय धरला.

इथे सोसायटीचे सेक्रेटरी कथेत येतात. त्यांना येण्यावाचून इलाज नव्हता, कारण हेडक्लार्क जिन्यात उभे राहून लेकीशी फोनवर बोलले होते, की चाळीस कासवं पुरेशी आहेत, पण त्यांतली चार-पाच फार सुस्त आहेत, ती बदलून द्यावी लागतील. तिसऱ्या दिवशी दारावर नोटीस लागली. सभासदाने सदनिकेत जलचर अथवा उभयचर प्राणी मोठ्या संख्येने ठेवल्याचे समजते, सात दिवसांत खुलासा करावा.

वास्तविक हेडक्लार्कांनी खाली जाऊन 'अहो, पत्ते आहेत' एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण त्रेपन्न वर्षांच्या माणसाने, आपण चित्रांच्या पत्त्यांशी खेळतो हे सेक्रेटरींच्या दारात उभं राहून सांगायचं, हे त्यांना जड गेलं. शिवाय नोटिशीत कासवाला उभयचर म्हटलं होतं. त्यांनी तीन पानी खुलासा लिहिला. पहिल्या पानावर कासव हा सरपटणारा प्राणी असल्याचं नमूद केलं, दुसऱ्यावर सोसायटीच्या नियमावलीत सरपटणाऱ्या प्राण्यांचा उल्लेखच नसल्याकडे लक्ष वेधलं आणि तिसऱ्यावर, सदर कासवांनी आजवर कोणताही आवाज, वास अथवा उपद्रव केलेला नसल्याचं ठामपणे सांगितलं. कासवं कागदी आहेत हे कुठेच लिहिलं नाही. तसं विचारलंही नव्हतं.

खुलाशाने सेक्रेटरींचा संशय पक्का झाला. रविवारी पाहणी समिती आली: सेक्रेटरी, आणि समोरच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक. मुख्याध्यापकांनी सोबत टॉर्च आणला होता. त्यांनी पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, आणि शेवटी बायकोनेच जेवणाच्या टेबलावर चाळीस पत्ते ओळीने मांडून दिले. सेक्रेटरींनी ते एकेक करून मोजले. इतिवृत्तात नोंद झाली: 'पाहणीअंती चाळीस कासवे आढळली. सर्व कागदी. तूर्त हरकत नाही.' त्यातला 'तूर्त' हा शब्द हेडक्लार्कांना लागला.

त्यानंतर मात्र घराला दार राहिलं नाही. मुख्याध्यापक रोज संध्याकाळी येऊन बसत, पत्ते हाताळत आणि सल्ले देत. त्यांच्या मते एवढ्या कासवांना शिस्त लावायला निदान दोन ससे हवे होते. सेक्रेटरींना खेळाच्या नियमांचं पुस्तक वाचायला हवं होतं. ते चार दिवसांसाठी घेऊन गेले आणि परत आणलं तेव्हा समासात पेन्सिलीने दुरुस्त्या केलेल्या होत्या. मुख्याध्यापकांची बोटं तपकिरीने माखलेली असत. आद्यकासवाच्या कोपऱ्यावर एक डाग दिसला, तो खोडरबराने काढताना हेडक्लार्कांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गठ्ठा बॅगेत घातला आणि कचेरीत नेला. कचेरीतल्या कागदाला कुणी विनाकारण हात लावत नाही, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता.

जेवणाच्या सुट्टीत ते टेबलावर पिसण्याचा सराव करत. एका दुपारी चिखलकासव नावाचा एक पत्ता हातातून निसटला, टेबलावरच्या जुन्या फायलींत शिरला, आणि शिपायाने त्या फायली नेहमीप्रमाणे तळघरातल्या अभिलेख कक्षात पोचवल्या. हेडक्लार्क धावत खाली गेले. अभिलेखपालांनी कासव नाकारलं नाही. ते त्यांच्या समोरच होतं, काचेखाली ठेवलेलं. पण त्यावर आवक क्रमांक नव्हता. क्रमांक नाही म्हणजे तो कागद आवक-जावकमधून आलेला नाही, आणि जो तिथून आला नाही तो तिथे परत कसा करायचा, असा त्यांचा प्रश्न होता. हेडक्लार्कांना राग आला असता, पण हाच प्रश्न त्यांनी स्वतः लोकांना हजारदा विचारला होता आणि तो किती रास्त आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. एक पत्र आणि दोन स्मरणपत्रं गेली. नवव्या दिवशी कासव लिफाफ्यातून आलं, सोबत चिठ्ठी: 'योग्य त्या कार्यवाहीसाठी परत.'

हेडक्लार्कांनी योग्य ती कार्यवाही केली.

कचेरीत नवे शिक्के आल्यावर 'आवक' आणि 'जावक' असे दोन जुने रबरी शिक्के मोडीत निघाले होते, ते रीतसर अर्ज करून त्यांनी घरी ठेवले होते. खासगी कासवांवर कचेरीचा चालू शिक्का मारणं त्यांना गैर वाटलं. त्यांनी स्वतःची शाई आणली. घरी टेबलावर पेपर अंथरला आणि एकेका पत्त्याच्या पाठीवर 'आवक' उमटवून त्याखाली क्रमांक, तारीख आणि आपली आद्याक्षरं घातली. एक ते चाळीस. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. सव्वीस वर्षांत शिक्का मारलेला एकही कागद कायमचा हरवला नव्हता. कधी दोन महिन्यांनी, कधी सात वर्षांनी, पण फिरून येतोच. आता आद्यकासव हरवणं अशक्य होतं. लेकीला हे आधी सांगावं असं त्यांना वाटलं होतं, पण ती आठवडाभर नोकरीच्या कागदपत्रांत आणि सामान बांधण्यात अडकली होती. म्हटलं, स्पर्धेच्या दिवशीच दाखवू. तिला बरं वाटेल.

दुकान एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. सतरा जोड्या आल्या होत्या. हेडक्लार्क इस्त्रीचा शर्ट आणि कचेरीचे बूट घालून गेले होते. एका लांब टेबलामागे स्पर्धेचा पंच बसला होता, पंचवीस-सव्विशीचा, शर्टाच्या खिशात दोन रंगांची पेनं. त्याच्या समोर नियमांचं पुस्तक होतं, त्यात जागोजागी चिठ्ठ्या घातलेल्या. हेडक्लार्कांना तो पाहताक्षणी आवडला.

खेळाआधी प्रत्येक डेक तपासायचा असतो. पंचाने लेकीचे लांडगे पाहिले, परत केले, आणि मग कासवांचा गठ्ठा पालथा करून पंख्यासारखा पसरला. आजूबाजूचे दोन-तीन जण वाकून बघू लागले. चाळीस जांभळे शिक्के चाळीस क्रमांकांसह वर बघत होते.

"काका," त्याने शांतपणे विचारलं, "हा सगळ्यांत वरचा पत्ता कोणता?"

हेडक्लार्कांना वाटलं, आपली परीक्षा चालली आहे. त्यांनी चष्मा सरळ केला. "तेवीस. दलदलीतलं कासव."

"आणि त्याच्या खालचा?"

"एकतीस. म्हातारं कासव." त्यांना आपल्या स्मरणाचा अभिमान वाटला. "चाळीसच्या चाळीस पाठ आहेत. कुठलाही काढा."

पंचाने ते लाल पेनने लिहून घेतलं. मग त्याने समजावून सांगितलं, की ज्या पत्त्याच्या पाठीकडे बघून तो कोणता आहे हे कळतं, त्याला खुणेचा पत्ता म्हणतात. खुणेचे पत्ते वापरणं ही या खेळातली फसवणूक, आणि फसवणुकीला जोडी बाद होते. तो हे अतिशय आदराने बोलला. हेडक्लार्कांना ऐकू येत होतं, पण 'फसवणूक' या शब्दापाशी त्यांचं डोकं थांबलं. त्यांच्या सेवापुस्तकात सव्वीस वर्षांत एकही ताशेरा नव्हता. एकदा कचेरीची एक टाचणी चुकून घरी आली होती, ती त्यांनी दुसऱ्या दिवशी नेऊन ठेवली होती.

लेकीने गठ्ठ्यातून एक पत्ता उचलला. उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. आवक क्रमांक एक. आद्यकासव.

"बाबा, हा माझा होता."

एवढंच म्हणाली. हेडक्लार्कांना त्या क्षणी खाली छापखान्यात जाऊन यंत्राच्या मागे उभं राहावंसं वाटलं. ज्या एका गोष्टीसाठी आपण महिनाभर धडपडलो तीच नेमकी आपण स्वतःच्या हाताने, शाई वाळवून, बिघडवली, हे त्यांना स्पष्ट कळलं. त्यांनी बाजू मांडायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना खुलाशाचा मसुदा सुचला नाही.

"हरवू नये म्हणून केलं," ते म्हणाले. "शिक्का असलेला कागद परत येतो. तू जाणार आहेस, तर म्हटलं, तुझी वस्तू माझ्याकडून हरवायला नको."

लेकीने आद्यकासव गठ्ठ्यावर परत ठेवलं. मग तिने पंचाला विचारलं, की अपारदर्शक पाकिटात घातले तर चालतील का. पंचाने चिठ्ठी घातलेलं पान उघडलं, वाचलं आणि चालतील म्हणाला, मात्र चाळीसही पाकिटं एकाच रंगाची हवीत आणि दहा मिनिटांत हवीत. दुकानात चौकशी केली. फक्त पारदर्शक पाकिटं शिल्लक होती.

लेक खाली बसली. तिने आपला डेक समोर घेतला, पहिल्या लांडग्याचं काळं पाकीट काढलं आणि त्यात आद्यकासव सरकवलं. मग दुसऱ्या लांडग्याचं. हेडक्लार्क म्हणाले, की अगं, तुझे उघडे पडतील. ती म्हणाली, की पडू देत, तुम्ही पुढचं कासव द्या. ते एकेक कासव देत गेले आणि ती भरत गेली. नवव्या मिनिटाला चाळीस कासवं काळ्या पाकिटांत होती आणि चाळीस लांडगे टेबलावर नुसते पडले होते. पंचाने घड्याळ पाहून निळ्या पेनने सही केली.

स्पर्धेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण फार काही घडलं नाही. हेच तिचं वैशिष्ट्य होतं. पहिला सामना ते हरले. दुसऱ्यात पाच कासवं जमली. पन्नास मिनिटांची वेळ संपली आणि सामना अनिर्णित ठरला. तिसराही अनिर्णित ठरला. चौथ्या सामन्यात समोर ड्रॅगन घेऊन एक दंतवैद्य नवरा-बायको बसले होते, हसतमुख, मागचे तीनही सामने जिंकून आलेले. चाळिसाव्या मिनिटाला लेकीचे लांडगे संपत आले. तिने पत्ते खाली ठेवले आणि विचारलं, "बाबा, आता काय करू?"

"काही करू नकोस," हेडक्लार्क म्हणाले. "एक फेरी थांब." आणि त्यांनी टेबलावरच्या चार कासवांशेजारी आद्यकासव ठेवलं.

ड्रॅगन आले, आग ओकून गेले. काही झालं नाही. पुढच्या फेरीत म्हातारं कासव, त्याच्या पुढच्या फेरीत दलदलीतलं. दंतवैद्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांतल्या नवऱ्याने शेवटी विचारलं, की काका, तुम्ही जिंकायला खेळताय ना? हेडक्लार्कांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की आम्ही टिकायला खेळतोय. यावर लेक हसली. मोठ्याने हसली, डोकं टेबलाला टेकवून, आणि तिचं ते हसणं थांबेना म्हणून पंचाला येऊन समज द्यावी लागली. वेळ संपली. सामना अनिर्णित.

एका जोडीचे तीन सामने अनिर्णित राहण्याची दुकानातली ही पहिलीच वेळ होती. निकाल लागला तेव्हा हेडक्लार्क आणि त्यांची लेक सतरा जोड्यांत नववे आले होते, म्हणजे बरोबर मध्यभागी. हेडक्लार्कांना त्याहून वर जाण्याची इच्छा नव्हती. जाताना पंचाने त्यांच्याशी हात मिळवला आणि खासगीत विचारलं, की ते क्रमांक घालण्याची पद्धत नक्की कशी असते. दोघं जिन्यात पंधरा मिनिटं बोलत उभे होते.

आठ दिवसांनी, सकाळी, खाली टॅक्सी उभी होती. बायको डबे आणि पिशव्या मोजत होती. सेक्रेटरी आणि मुख्याध्यापक सामान उतरवायला मदत करतो म्हणून आले होते आणि कोणती बॅग आधी न्यावी यावर त्यांचा वाद चालला होता. लेक दारातून परत आत आली. तिच्या हातात तिचा पहिला लांडगा होता, कळपाचा म्होरक्या. स्पर्धेच्या दिवशी उघडा खेळल्यामुळे त्याच्या कानावरून एक घडी गेली होती. तिने तो पालथा करून टेबलावर ठेवला.

"मारा," ती म्हणाली.

हेडक्लार्कांनी ड्रॉवर उघडला. आत दोन शिक्के होते. बाहेर जाणाऱ्यावर 'जावक' मारतात, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही, आणि सव्वीस वर्षांत त्यांचा हात एकदाही चुकीच्या शिक्क्याकडे गेला नव्हता. त्यांनी 'जावक' उचलला. थोडा वेळ हातात धरला. मग तो परत ठेवला, 'आवक' घेतला, शाईवर दाबला आणि लांडग्याच्या पाठीवर जपून उमटवला. क्रमांक घातला, एकेचाळीस. आद्याक्षरं घातली.

लेकीने पत्ता उचलून फुंकर मारली आणि बघितला.

"बाबा, तारीख राहिली."

"ती आल्यावर भरतात," हेडक्लार्क म्हणाले. "नियमच आहे तसा."

तसा नियम नव्हता.